आबालालांचं तळं: बेळगावहून एका दिवसात

आधी आमची चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं बघायला पहिल्या खेपेला आत्तीला घेऊन सोमवारी गेलो, तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाला कुलूप! अंबाबाईच्या पाया पडून परतलो.

दुसऱ्यांदा वार बघून निघालो. कर्नाटकात बायकांना बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेचं आत्तीचं तिकीट सीमेलगतच्या निपाणीपर्यंत. तिथून बस बदलली, पुढचे पैसे मोजले. कोल्हापूर स्टँडवर रिक्षावाल्याला नुसतं 'म्युझियम' म्हणू नका, न्यू पॅलेसला नेऊन सोडेल. 'सीपीआरसमोर, टाऊन हॉल' म्हणा; सीपीआर म्हणजे तिथला सरकारी दवाखाना.

इमारत १८७२-७६ची, बघण्यासारखी. आतल्या, कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या जुन्या वस्तू आम्ही भरभर उरकल्या. अडकलो ते आबालाल रहिमानांच्या चित्रांपुढं.

पाणी, झाडी, ओलसर उजेड. लांबून सगळं एका धुक्यात मुरलेलं वाटतं, जवळ गेलं की रंगाचे फटकारे सुटे दिसतात. आत्तीनं जन्मभर शाळेत ड्रॉइंग शिकवलंय. चष्मा कपाळावर सरकवून ती म्हणाली, "तळं असं कुठं असतंय रे? शेवाळ नाही, धुणं नाही. नको ते काढून टाकलंय बघ." तक्रार होती की कौतुक, कळलं नाही, पण तिथून ती लवकर हलेना.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून आलेल्या आबालालांना शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार केलं. दरबारी म्हटलं की आपल्याला फेटे-तलवारी आठवतात. आबालालांचा जीव मात्र कोल्हापूरच्या रंकाळा आणि कोटितीर्थ या तळ्यांत. १९२२ साली महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली हजारो चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली तेही गेले.

म्हणून संग्रहालय झाल्यावर शाहू मिलजवळच्या कोटितीर्थावर जाच. काठावर उभं राहून आत्तीनं खाली पाहिलं. "शेवाळ हाय की," एवढंच बोलली, आणि बराच वेळ पाण्याकडे बघत बसली.

आबालालांनी रंगवलेला संध्यामठ, म्हणजे रंकाळ्यातलं जुनं दगडी बांधकाम, बघायचा असेल तर रंकाळ्यावर उन्हाळ्यात जा. पावसाळ्यात तो पाण्याखाली असतो. आणि १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास किंवा सीमाप्रश्न तापलेला असताना निघू नका. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याला बस अडकली तर दिवस तिथंच जातो.