आमची वाटचाल: जुन्या डिस्कला एसएसडीची जोड

बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांना संगणक पुरवणे आणि त्यांची देखभाल करणे या कामापासून आमच्या फर्मची सुरुवात झाली. पुढे खानापूर, चिक्कोडी, निपाणी या भागांतील पतसंस्था आणि रुग्णालयेही आमच्याकडे येऊ लागली आणि सर्व्हर हेच आमचे मुख्य काम झाले.

या ग्राहकांची तक्रार बहुधा एकच असे: प्रोसेसर नवा, मेमरी भरपूर, तरीही मार्चअखेरीस सॉफ्टवेअर अडखळते. निपाणीच्या एका पतसंस्थेत खातेउतारा पडद्यावर येईपर्यंत काउंटरवरची रांग दारापर्यंत जात असे. तेथे आयओस्टॅट (प्रोसेसर आणि डिस्क किती गुंतलेले आहेत हे दाखवणारा प्रोग्राम) चालवून पाहिले, तेव्हा प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता आणि डिस्क मात्र सतत गुंतलेली होती. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होते, म्हणजे हवी ती नोंद हेडखाली (डिस्कवरचे वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक थांबावे लागते. त्यात हेड सरकण्याचा वेळ मिळवला, की विखुरलेल्या नोंदी वाचताना अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच मागण्या पुऱ्या करते. फिरणारा भागच नसलेली, चिपवर डेटा साठवणारी साधी एसएसडी हजारो मागण्या सहज उरकते.

सगळा साठा एसएसडीवर नेण्याचा खर्च छोट्या संस्थेला झेपणारा नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. चालू खाती आणि या वर्षाच्या नोंदी दिवसभर उघडल्या जातात. जुन्या वर्षांचे दप्तर तपासणीच्या वेळीच निघते. २०१३ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) ३.९ आवृत्तीत डीएम-कॅश आणि ३.१० मध्ये बीकॅश आल्यामुळे, वारंवार लागणारा भाग छोट्या एसएसडीवर, म्हणजे कॅशमध्ये, ठेवण्याची सोय परवान्याच्या खर्चाविना मिळाली. चालू सर्व्हरवर आम्ही एलव्हीएमची (लिनक्समध्ये डिस्कच्या जागेची वाटणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) कॅश वापरतो, कारण ती असलेल्या व्हॉल्यूमला (जागेच्या वाटणीतील भागाला) डेटा न हलवता जोडता येते आणि काढूनही घेता येते. नव्या सर्व्हरवर बीकॅश बसवतो. ४ एमबीपेक्षा लांब सलग वाचन-लेखन तो मूळ सेटिंगमध्येच कॅशला वळसा घालून जाऊ देतो, त्यामुळे रात्रीचा बॅकअप दिवसाच्या कामाचा डेटा हुसकावून लावत नाही.

एका बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. राइटबॅक पद्धतीत नोंद एसएसडीवर पोहोचताच ‘जतन झाली’ असा निरोप जातो, म्हणून लिहिण्याचा वेग वाढतो. पण ती हार्ड डिस्कवर उतरण्याआधी एसएसडी निकामी झाली, तर लोकांच्या पैशांची नोंदच जाते. त्यामुळे पतसंस्थांत आम्ही राइटथ्रूच ठेवतो, म्हणजे नोंद हार्ड डिस्कवरही उतरल्यावरच निरोप जातो: लेखन हार्ड डिस्कच्याच गतीने होते, वाचन तेवढे वेगवान होते, आणि एसएसडी बंद पडली तरी पूर्ण डेटा मूळ डिस्कवर सुरक्षित असतो. राइटबॅक हवेच असेल, तर वीज गेल्यावर हातातले लेखन पुरे करणारे कपॅसिटर असलेल्या दोन एसएसडी मिररमध्ये (दोन्हींवर तीच प्रत राहील अशा) लावण्याचा आमचा आग्रह असतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे खानापूरकरांना सांगायला नको.

कॅश बसवल्याबरोबर फरक दिसत नाही. ती रिकामी असते आणि काम चालेल तशी भरत जाते, म्हणून निकाल पाहण्याआधी नेहमीच्या कामाचे काही दिवस जाऊ द्यावेत, असे आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो. निपाणीच्या त्या पतसंस्थेत त्यानंतर उतारा मागताच दिसू लागला, आणि हार्ड डिस्का त्याच राहिल्या.

काही कारखानदार कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठीही हीच मागणी करतात. ते लेखन सलग असते आणि क्वचितच पुन्हा वाचले जाते, म्हणून तेथे आम्ही एसएसडी विकत नाही. त्याच पैशांत आणखी एक मोठी हार्ड डिस्क घ्या, असे सुचवतो.