पिळून टाकलेलं पाणी

थंडीत बुधवारी गंगेवरच्या बाजारात मेथीच्या जुड्या इतक्या स्वस्त होतात, की एक घ्यायला गेलेला माणूस पिशवी भरून आणतो. (गोदावरीला गंगा म्हणायची नाशिककराची सवय काही मोडायची नाही.) मग निवडणं, धुणं, चिरणं आणि आमच्याकडचा ठरलेला वाद: मीठ चोळून मेथी पिळायची की नाही? सासूबाईंचं म्हणणं, "अगं, पिळल्याशिवाय कडूपणा जायचा नाही." त्यांच्या मुठीतून ताटलीत गळणारं ते हिरवंगार पाणी बघून माझा जीव वरखाली होतो.

भाजी शिजवली की सत्त्व जातं, असं म्हणत आपण सगळा दोष विस्तवावर ढकलतो. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, खरंच आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ 600 मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी 100 ऐवजी 98 अंशांच्या आसपास उकळतं. पण तेवढ्या दोन अंशांनी मेथीला काय जीवदान मिळणार! खरा चोर पाणी. क जीवनसत्त्व आणि फोलेट (हे ब गटातलं एक जीवनसत्त्व) दोन्ही पाण्यात विरघळतात. पातेलंभर पाण्यात भाजी उकळून ते पाणी ओतून दिलं, की तीही मोरीत जातात. वाफवलेल्या भाजीत पुष्कळ जास्त उरतं. चिरून मग धुतली तरी हेच नुकसान. आणि रंग हिरवा राहावा म्हणून चिमूटभर सोडा घालणाऱ्यांना तर काय म्हणावं! रंग राहतो, जीवनसत्त्व जातं.

गंमत म्हणजे पुरणाची डाळ शिजवल्यावर कट ओतून दे म्हटलं, तर याच घरात महाभारत होईल. कटाची आमटी हवीच. मग भाजीच्या पाण्यानेच काय घोडं मारलंय? ते वरणात घाला, कणीक भिजवा. पालकाचा मात्र अपवाद. त्यातलं ऑक्झलेट उकळल्यावर बरंचसं पाण्यात उतरतं, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असलेल्याने ते पाणी खुशाल ओतावं.

सगळं कच्चंच खा म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. पिंपळगावच्या बाजारातला लालबुंद टोमॅटो तेलावर परतला, की त्यातलं क जीवनसत्त्व घटतं, पण लायकोपीन, म्हणजे टोमॅटोला लाल करणारं रंगद्रव्य, शरीराला कच्च्यापेक्षा चांगलं मिळतं. गाजरातल्या कॅरोटीनचंही तसंच: थोडं शिजवावं, थोडं तेल-तूप असावं. एका हाताने जातं, दुसऱ्या हाताने येतं.

आपली मिसळच बघा. मटकीला मोड आले की क जीवनसत्त्व वाढतं, ती शिजवताना त्यातलं काही जातं आणि ताटात वरून लिंबू पिळलं की भरपाई होते. शिवाय मटकीतलं लोहही अंगी लागायला मदत होते. म्हणून लिंबाची दुसरी फोड मागायला मी लाजत नाही. तर्रीवरच्या तेलाचं काय, असं कुणी विचारलं तर मात्र मी पाव मोडायला घेते.