अँटिबॉडी सापडली, म्हणजे टाइप टू का?

‘रिपोर्टमध्ये अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे, मग हा आजार टाइप टू ना?’ विद्यार्थी हे विचारतात, पेशंटही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: नुसती अँटिबॉडी सापडली एवढ्यावर हायपरसेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच शरीराची नासधूस करते त्याचा, टाइप ठरत नाही.

जेल आणि कूम्ब्ज या शास्त्रज्ञांनी १९६३ साली त्याचे चार प्रकार मांडले. पहिला आयजीई या अँटिबॉडीचा, मुख्यतः अ‍ॅलर्जीचा. ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते, बहुतेक उरलेल्या तिघांत बसतात. बघायचं ते एवढंच, की नासधूस कोण करतं आणि कुठे.

टाइप टूमध्ये अँटिबॉडी थेट पेशीवर जाऊन बसते. ऑटोइम्यून हिमोलिटिक अ‍ॅनिमियात (लाल पेशी नष्ट होऊन होणारा अ‍ॅनिमिया) ती लाल पेशीवर बसलेली असते, आणि ती पकडायला डायरेक्ट कूम्ब्ज टेस्ट. पेशी आधी सलाइनने तीन-चारदा धुवायच्या, मग अँटिह्युमन ग्लोब्युलिन घालायचं; हे रिएजंट माणसाच्या अँटिबॉडीला चिकटतं, म्हणून अँटिबॉडी बसलेल्या पेशींच्या गुठळ्या होतात. धुण्यात कसर राहिली की उरलेल्या प्लाझ्मातलं आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) ते रिएजंट खाऊन टाकतं आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. म्हणून निगेटिव्ह ट्यूबमध्ये शेवटी आयजीजी चढवलेल्या कंट्रोल पेशी टाकायच्याच. त्यांच्याही गुठळ्या झाल्या नाहीत तर टेस्ट बाद, पुन्हा पहिल्यापासून.

टाइप थ्रीमध्ये अँटिजन (अँटिबॉडी ज्याला चिकटते तो पदार्थ) आणि अँटिबॉडी यांचे गुंते कुठेतरी साचतात आणि तिथे दाह होतो. किडनीच्या बायोप्सीत हा फरक डोळ्यांना दिसतो. इम्युनोफ्लोरेसन्समध्ये, म्हणजे अँटिबॉडी चमकवून दाखवणाऱ्या तपासणीत, गुडपाश्चर या टाइप टू आजाराची चमक किडनीच्या गाळणीच्या पडद्यावरून ओढलेल्या सलग रेघेसारखी असते, कारण अँटिबॉडी थेट पडद्यावरच बसते; ल्युपस या ऑटोइम्यून आजारात गुंते साचतात, म्हणून त्याची रवाळ तुपासारखी दाणेदार. ल्युपस भडकला की रक्तातले सी३, सी४ बहुधा उतरतात, कारण ही कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रथिनं या गुंत्यांवर खर्ची पडतात. त्याच ल्युपसच्या पेशंटला कूम्ब्ज पॉझिटिव्ह अ‍ॅनिमियाही होऊ शकतो. तेव्हा टाइप यंत्रणेचा असतो, अख्ख्या आजाराला एकच चिकटवू नये.

खरी फसगत टाइप फोरमध्ये होते, जिथे नासधूस अँटिबॉडी नव्हे तर टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) करतात, त्यातही टाइप वन डायबेटिसमध्ये. नावात वन, यंत्रणा फोर! रक्तात जीएडी (बीटा पेशींतलं एक एन्झाइम) याविरुद्धची अँटिबॉडी सापडते खरी, पण इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतात त्या मुख्यतः टी पेशी. याचा पुरावा बाळंतपणात मिळतो. आईचं आयजीजी वारेतून बाळाकडे जातं. मायस्थेनिया (अँटिबॉडीमुळे स्नायू दुबळे होण्याचा आजार) असलेल्या आईचं बाळ त्यामुळे कधीकधी काही आठवडे लुळं असतं, दूध ओढत नाही. आईची अँटिबॉडी ओसरली की सुधारतं. डायबेटिस असलेल्या आईची जीएडी अँटिबॉडीही बाळात उतरते, पण तिच्यामुळे बाळाला डायबेटिस होत नाही.

जीएडी टेस्ट निदानासाठी आहे. तिचा आकडा उतरला म्हणून इन्सुलिन बंद करू नका.