बाटलीच्या गळ्यातलं पाणी

झोप येत नाही म्हणून लिहितेय. कारण सांगायला लाज वाटावी इतकं बारकं आहे. आईचा केकचा वजनकाटा ओट्यावर होता आणि शेजारी माझी ती लेबल निघालेली, चेपलेली एक लिटरची बाटली. उत्तराखंडात, कुमाऊंच्या डोंगरात आठ आठवडे झऱ्यांचं पाणी मोजून आल्यापासून ती टाकवत नाहीये. सहज ठेवली काट्यावर. रिकामी २३ ग्रॅम. तोंडापर्यंत भरून १०५९. म्हणजे आतलं पाणी १०३६ ग्रॅम.

त्यात नळाचं पाणी साधारण २८ अंशांचं, घनता ०.९९६, म्हणजे धरा १०४० मिली. रात्री बारा वाजता मी चार मिलींचा हिशोब करत होते, आई बघून गेली, काही बोलली नाही.

बाटली विकणारे आत लिटरभर पाणी घालतात आणि वर गळ्यात थोडी हवा सोडतात. आपण रिकामी बाटली धाऱ्याखाली (धारा म्हणजे तोटीतून पडणारा डोंगरातला झरा) धरतो तेव्हा तो गळाही भरतो. एका बाटलीला चाळीस मिली जास्त. दहा बाटल्या ओतल्या की चारशे. आणि दहा बाटल्या ओतूनच मी बादलीवर दहा लिटरची खूण केली होती. निळा मार्कर, त्यावर टेप, आणि टेप सुटू नये म्हणून आमच्या गटातल्या नागपूरवालीच्या नेलपॉलिशची रेघ. खूण पुसली जाऊ नये म्हणून केवढी धडपड! योग्य जागी आहे का, ते बघायचं राहिलं.

धाऱ्याचं पाणी मोजणं फार मोठं शास्त्र नाही हे खरं. बादली आणि स्टॉपवॉच. पण चुकायला जागा भरपूर, आणि त्या सगळ्या आम्ही शोधून बुजवल्या होत्या, त्यामुळेच जास्त लागतंय. पाणी तोटीतून येतं त्याहून जास्त दगडाला चिकटून खाली ओघळतं, म्हणून अर्धा चिरलेला पाइप फटीत खुपसून कडेने चिखल लिंपायचा. चिखल लिंपल्यावर पाच मिनिटं थांबायचं, कारण मागे तुंबलेलं पाणी आधी जोरात येतं आणि आकडा फुगतो. बादलीखाली सपाट दगड. बादली जराशी कलली तरी खूण एका बाजूला आधी बुडते. आणि बादली खाली निमुळती असते, त्यामुळे अर्ध्या उंचीवर पाच लिटर असतात असं समजायचं नाही, हे कोल्हापूरकराला पटवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. तीनदा मोजायचं, तीन वेळा पाच टक्क्यांच्या आत जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. सकाळी जायचं नाही, तेव्हा बायकांच्या कळशा रांगेत असतात. अकरानंतर, आणि दर आठवड्याला त्याच वेळी. जाण्याआधी वर एक चक्कर मारून यायची. कुणीतरी काळा प्लॅस्टिकचा पाइप टाकून पाणी शेताकडे वळवलेलं असतं, आणि आपण खाली बसून ‘धारा आटतोय’ असं लिहीत असतो.

नौल्याला तोटी नसते. दगडी पायऱ्यांचं छोटं कुंडच ते. तिथे थोडं पाणी उपसून पातळी पुन्हा किती वेळात वर येते ते बघायचं. कुंड खाली अरुंद होत जातं म्हणून दर पायरीला लांबी-रुंदी वेगळी घ्यायची. तिथे सगळं मोजपट्टीवर, बादलीचा संबंध नाही. म्हणजे पाच नौली सुटली. चौदा धारे अडकले.

स्टॉपवॉच दाबायला अर्धा सेकंद इकडेतिकडे होतो, पण तो कधी जास्त, कधी कमी; सरासरी काढली की विरतो. खुणेची चूक विरत नाही. हजार वेळा मोजा, हजार वेळा चार टक्के. आणि दरवेळी एकाच बाजूला.

मोठ्या धाऱ्याचं जूनचं वाचन मला पाठ आहे. खुणेपर्यंत १५० सेकंद. दहा गुणिले साठ भागिले दीडशे, मिनिटाला ४ लिटर. खरं म्हणजे ४.१६. दिवसाला ५७६० लिटर लिहिलं, येत होतं जवळजवळ ५९९०. फरक २३०. जल जीवन मिशनचं माणशी ५५ लिटरचं माप लावलं तर चार माणसांचं पाणी. चार माणसांचं पाणी मी कागदावरून पुसलं. बाटलीच्या गळ्यातून.

नुसतं तेवढंच असतं तरी झोप लागली असती. पण गेल्या वर्षीचा आकडा ४.२ होता. आम्ही ४.२ च्या शेजारी ४.० ठेवला, लाल बाण खाली केला, आणि गावच्या बैठकीत पाच टक्के घट असा तक्ता भिंतीला लावला. ४.१६ असतं तर फरक एक टक्का. एका टक्क्याला कुणी बाण काढत नाही. धाऱ्यावरची आमा, म्हणजे आजी, तेव्हाच म्हणाली होती, पाणी तेवढंच आहे. आम्ही मान हलवली. किती समजूतदारपणे हलवली ते आठवून आत्ता कानशिलं गरम होतायत.

बरं, गेल्या वर्षीच्या पोरांनी बादली कशी खुणली होती, हे वहीच्या पहिल्याच पानावर आहे: खालच्या रस्त्यावरच्या दुकानात, काट्यावर वजन करून. आधी रिकामी, मग पाणी घालून, किलोला लिटर. त्यांची बादली फुटली म्हणून आम्हाला नवी घ्यावी लागली आणि नवीला खूण हवी होती. दुकान दोन किलोमीटरवर, चारशे मीटर खाली. स्कॉटलंडच्या नेस्मिथने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा हिशोब बांधला, तोच वापरायचो आम्ही: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक. म्हणजे परतीला २४ मिनिटं अधिक ४०, तासाच्या थोडं वर. तो तास वाचवायला मी म्हटलं, बाटली आहे ना. मुंबईची पोरगी, बादली-ड्रममध्ये वाढलेली, पाण्याचं मला कोण शिकवणार!

आणि जूनमधल्या एका रविवारी आम्ही धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, गेलो. सहा किलोमीटर, हजार मीटर चढ. नेस्मिथने तीन तास म्हटलं असतं, आम्हाला चार लागले. पहाटे पाचला निघालो कारण दुपारी दोननंतर त्या दिवसांत वर गडगडायला लागतं, धारेवरून त्याआधी उतरलेलं बरं. राहायचो तेच १९०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा अडीचशे मीटर वर, त्यामुळे पहिल्या आठवड्यात जिना चढतानाही आम्हाला धाप. जूनमध्ये मात्र बोलत बोलत चढत होतो. उतरताना हाल. चीडाच्या, म्हणजे पाइनच्या, वाळक्या सुया, तिकडे पिरूल म्हणतात, उतारावर चटईसारख्या पसरतात आणि बूट कितीही चांगला असो, खालून सटकतात. टाच रोवायची नाही, पूर्ण तळवा टेकवायचा, पावलं छोटी, आणि शक्यतो बांजाच्या (ओकच्या) झाडीतली वाट धरायची. बुटाची नाडी घोट्याशी एक जादा वेढा देऊन आवळली नाही तर पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. माझं अजून काळं आहे. त्रिशूल शिखर दिसेल म्हणून गेलो होतो. वणव्याच्या धुराने समोर नुसतं राखाडी. तरी खूश होतो सगळे. इतके खूश की

असो. मला टोचतंय ते एवढंच: हौसेने हजार मीटर चढलेली माणसं कामासाठी चारशे मीटर उतरली नाहीत.

त्यांना दोष नाही. बाटली मी पुढे केली. ते चौघं ओतताना मोजत होते, एक, दोन, तीन, मोठ्याने, आणि सातव्याला कुणीतरी हसलं म्हणून परत पहिल्यापासून. इतक्या काळजीने चुकीचं माप.

मगाशी पेपर हातात घेतला तर मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा तक्ता. तिथेही चार टक्के म्हणजे किती, म्हणून काढून बघितलं. तलाव भरले की साठा १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, त्याचे चार टक्के म्हणजे मुंबईचे साधारण पंधरा दिवस. इथे कुणी तलावात बाटलीने मोजलं असतं तर पालिकेने पाणीकपात जाहीर केली असती. हे सुचल्यावर पहिल्यांदा हसू आलं. आमच्यापुरतं बघायचं तर आठही आठवडे बादली एकच होती, म्हणजे चौदाही धारे सारखेच चुकले. मेच्या पहिल्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत पाणी कसं उतरत गेलं तो आलेख जसाच्या तसा उभा राहतो. एका रकान्याला १.०४ ने गुणायचं. दोन मिनिटांचं काम. लाल बाण काढायला मात्र कुणालातरी त्या भिंतीपर्यंत जावं लागेल.

पुढच्या पोरांसाठी वहीत घालायचं ते असं: नवी बादली आली की काट्यावर, रिकामी आणि भरलेली, दोन्ही वजनं तारखेसकट. काटा नसेल तर औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणा आणि वीस वेळा भरून आधी बाटलीवर लिटरची रेघ ओढा, मगच बाटलीने बादली. आणि बादली बदलली तर आकड्याशेजारी तसं लिहा, नाहीतर बादलीतला फरक धाऱ्याच्या नावावर जातो.

तिथे आमचं काम बघणाऱ्या दीदींना सकाळी फोन करेन. लिहून पाठवलं तर मी सारवासारव करेन, माहीत आहे मला. ग्रुपवर मात्र टाकलं आत्ताच, काट्याच्या फोटोसकट. नागपूरवालीला एकच टिक. कोल्हापूरकर जागा निघाला: ‘एवढंच व्हय? झोप की.’ दोन मिनिटांनी परत: ‘सातवी बाटली दोनदा ओतली नव्हती ना आपण?’

आता ते एक.

साडेचारला पाणी येईल, ड्रम भरायचाय. दोनशे लिटरचा आहे, असं बाबा म्हणतात.