सासू, सून आणि आयरिस मर्डॉक

आयरिस मर्डॉक यांनी १९४८ ते १९६३ या काळात ऑक्सफर्डच्या सेंट अ‍ॅन्स कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवले आणि आयुष्यभरात २६ कादंबऱ्या लिहिल्या. ‘तात्त्विक कादंबरीकार’ ही ओळख मात्र त्यांना मान्य नव्हती. मलाही वाटते की तत्त्वज्ञान आणि साहित्य यांचा सांधा त्यांच्या कादंबऱ्यांआधी त्यांच्या निबंधांत शोधावा.

१९७० साली पुस्तकात आलेल्या त्यांच्या एका निबंधात एक सासू आहे. सून तिला उथळ, पोरकट आणि गोंगाटी वाटते. मुलाने आपल्या तोलामोलाची मुलगी केली नाही, ही सल तिच्या मनात आहे. पण सासू मोठी समंजस, त्यामुळे यातले काहीही तिच्या वागण्यात उमटत नाही. पुढे कधीतरी ती स्वतःशीच म्हणते की मी जुन्या वळणाची आहे, कदाचित मनात मत्सरही असेल, पुन्हा एकदा नीट पाहायला हवे. ती पाहत राहते आणि तिला कळते की सून उथळ नाही, मोकळी आहे; गोंगाटी नाही, आनंदी आहे. वागणुकीचा प्रश्नच उरू नये म्हणून मर्डॉक सुचवतात की सून परदेशी गेली किंवा वारली असे समजा.

त्या काळच्या ऑक्सफर्डमध्ये नीतीचा विचार मुख्यतः निवड आणि कृती यांच्या अंगाने होत असे. इथे चारचौघांना दिसेल अशी कृती काहीच नाही, तरीही सासूने काहीतरी केले आहे आणि ते चांगले केले आहे, हे नाकारता येत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन वेल यांच्याकडून घेतलेला ‘लक्ष’ हा शब्द मर्डॉक त्यासाठी वापरतात. त्यांचा सगळा युक्तिवाद दोन-चार विशेषणांच्या बदलावर उभा आहे, आणि विशेषण बदलले की माणूस बदलतो, हे कादंबरीकाराला रोजच्या कामातून ठाऊक असते.

ही सासू स्वतःची फसवणूक तर करत नसेल? पहिल्या वाचनात मी इथेच अडलो होतो. मर्डॉक ही शक्यता नाकारत नाहीत. आपण कल्पिलेली सासू न्यायाने आणि प्रेमाने पाहणारी आहे, एवढेच सांगून त्या पुढे जातात. ‘द सी, द सी’ या १९७८च्या बुकरविजेत्या कादंबरीत त्या या शंकेपाशी थांबतात. तिथल्या निवृत्त नाट्यदिग्दर्शकाला त्याची पहिली प्रेयसी उतारवयात पुन्हा भेटते. ती आता दुसऱ्याची पत्नी आहे. तिला आपल्या घरात कोंडून ठेवतानाही, आपल्याइतके तिला कोणीच ओळखत नाही, अशी त्याची खात्री असते.