आधी लगीन...

काल रायगड उतरून महाडहून पोलादपूरची एसटी पकडली. शेजारी सत्तरीचे एक आजोबा, मांडीवर फुगलेली कापडी पिशवी. तिकिटाचे सुटे पैसे नव्हते माझ्याकडे, त्यांनी दिले. तिथून गप्पा सुरू. गाव उमरठ. आडनाव विचारलं तर म्हणाले, "मालुसरे."

मी सावरूनच बसलो! "म्हणजे तान्हाजींच्या...?"

"हां, त्याच घराण्यातले," म्हणाले, जणू कुणी पिनकोड विचारला असावा. मग समाधीचं सांगितलं. ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाण्यावर सुभेदार पडले, त्यांचा देह ज्या वाटेने उमरठला आणला तोच मढे घाट. हे सगळं मला पाठ होतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला.

पिशवीत काय, तर नातवाच्या लग्नाच्या पत्रिका. महाडच्या पाहुण्यांना वाटून उरलेल्या. माझ्या डोक्यात काय आलं ते त्यांनी ओळखलं असणार (आयुष्यभर हेच ऐकत आले असतील बिचारे), कारण स्वतःच मिशीत हसले. "आता कोंढाणा नाय ना घ्यायचा. आता लगीनच आधी."

उतरताना एक पत्रिका माझ्या हातात. सुटे पैसे मात्र परत घेतले नाहीत.