राउटर बंद करून चालू करा

वायरगार्ड, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत सुरक्षित बोगदा (टनेल) काढणारा व्हीपीएन, बसवायला अर्धा तासही लागला नाही. घरातल्या दोन 'रास्पबेरी पाय' या चिमुकल्या संगणकांवर बाहेरून काम करता यावं, एवढीच इच्छा. ओळख पटवणाऱ्या किल्ल्यांच्या जोड्या तयार केल्या, कॉन्फिग लिहिलं, राउटरवर ५१८२० हा यूडीपी पोर्ट पायकडे वळवला. नंतरचे चार दिवस मात्र पाण्यात गेले.

घरच्या वायफायवर सगळं सुरळीत. मोबाइल डेटावर गेलं की 'लेटेस्ट हँडशेक'ची, म्हणजे दोन्ही टोकं जुळल्याची, ओळच उमटेना. अनोळखी किल्लीला वायरगार्ड उत्तरच देत नाही, साधी एररही नाही. सुरक्षेच्या दृष्टीने झकास, पण पॅकेट पोचलंच नाही की दारातून हाकललं गेलं, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. मी चूक माझीच धरली आणि किल्ल्या तीनदा बदलल्या. शेवटी पायवर येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडम्प लावून बसले, तर एकही पॅकेट येत नव्हतं.

मग इंटरनेट कंपनीला फोन. "मॅडम, राउटर बंद करून चालू करा." केला. तक्रार नोंदवली, दुसऱ्या दिवशी 'समस्या सोडवली आहे' असा मेसेज. कुणी सोडवली? पुन्हा फोन, पुन्हा तोच राउटर बंद-चालू. चौथ्या दिवशी कसाबसा तांत्रिक विभागातला माणूस लाइनवर आला आणि एका वाक्यात म्हणाला, "तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात." म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. मी माझ्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी वर कंपनीचं दार बंदच.

राउटरच्या पानावर माझा वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ पासून याच कामासाठी राखीव आहे, आणि तो आकडा मी चार दिवस रोज बघत होते! तेव्हा आधी राउटरवरचा वॅन आयपी आणि बाहेरच्या साइटवर दिसणारा आयपी ताडून बघा. वेगळे असतील तर पोर्टच्या नादी लागू नका.

स्टॅटिक आयपीसाठी त्याच कंपनीकडे अर्ज करायची माझी तयारी नव्हती. पब्लिक आयपी असलेला छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतला. आता पायच आतून त्याला गाठतात आणि माझा मोबाइलही तिथेच जोडला जातो. व्हीपीएसवर आयपी फॉरवर्डिंग (एकाकडून आलेली पॅकेटं दुसऱ्याकडे धाडणं) चालू करायचं, आणि पायच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं पॅकेट) दर २५ सेकंदांवर ठेवायचं, नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की मधला नॅट (पत्ते बदलणारी यंत्रणा) जोडणी विसरतो.

हो, घड्याळाचं राहिलंच. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीचं घड्याळ नाही. वीज जाऊन आली की पाय जुन्या वेळेत जागा होतो, आणि आधीच्या हँडशेकपेक्षा मागची वेळ दिसली की समोरचा सर्व्हर तो नाकारतो. इंटरनेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीने वेळ दुरुस्त झाली की गाडी रुळावर येते. पण अलाउड आयपीजमध्ये (टनेलमधून कोणते पत्ते जायचे त्या यादीत) ०.०.०.०/०, म्हणजे सगळेच, लिहिलं असेल तर एनटीपीही त्याच न जुळलेल्या टनेलमध्ये अडकतं. तिथे फक्त टनेलचा पट्टा लिहा.

आणि व्हीपीएसवर फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचचा (दुरून लॉगिन करायचा) २२ पोर्ट मोकळा करा. मी नंतर करणार होते.